'पाळीव डुकराचे मांस, तपासलेले'

ती सकाळ आठवली की आजही अंगावर काटा येतो. तेव्हा पोलादपूर भागातलं एक ठाणं माझ्याकडे होतं.

खबर दिली ती पशुधन विकास अधिकारी बाईंनी. एका वराहपालन केंद्रात डुकरांना जागा, पाणी, सावली नीट मिळते का, हे बघायला त्या गेल्या होत्या. सगळी डुकरं कानातल्या बिल्ल्यांसह जागच्या जागी होती. एकही कापलेलं नव्हतं. तरी कशेडी घाटाच्या पायथ्याच्या ढाब्यांवर त्याच केंद्राची पाकिटं जात होती. वर छापलेलं, 'पाळीव डुकराचे मांस, तपासलेले'. आत रानडुक्कर असावं, असा बाईंना संशय होता. खरं सांगतो, मला हसू आलं. चोऱ्यामाऱ्या सोडून आता डुकरांची लेबलं तपासायची!

मालक पसार झाला होता. सकाळी सातला आम्ही तिथला कामगार उचलला. वरच्या वाडीतला, चाळिशीचा गडी. लेबलं कुठे छापली, एवढंच मी विचारत राहिलो. तो मधूनच म्हणे, "सायेब, किती वाजलं?"

"का रे, गाडी चुकते का तुझी?" मी खेकसलो.

असा अर्धा तास गेला. पोलिसाला घाबरलेला माणूस पोलिसाकडे बघतो. हा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. ते लक्षात आल्यावर मी आवाज खाली आणला. "कशाची भीती वाटतेय तुला?"

तो रडायलाच लागला. "आय नऊला गुरां सोडंल, सायेब. माळावर गोळे ठेवलेत. तीन फुटलेले नाय. मालक बोलला, गोळ्यांचं सांगितलंस तर जन्मभर आत जाशील."

रानडुक्कर मारायला खाण्यात स्फोटक गुंडाळून ठेवतात. जनावराने चावलं की जबडाच उडतो. पाकिटांत तेच मांस होतं.

वाडीत फोन लागेना. बॉम्बशोधक पथकाला कळवून आम्ही जीप काढली. कामगारालाही बेडी घालून सोबत घेतलं.

माळावर म्हातारी उभी होती, गाई तिच्या मागे. लेकाला बघून तिने पदराची गाठ वर धरली. "पिठाचे गोळे कुणी टाकलेत रे? तीन गावले. गाईला चारते आता."

"आये, हलू नको!" तो ओरडला.

पथक यायला दोन-तीन तास लागणार होते आणि एक गाय त्या गाठीला तोंड लावू बघत होती. त्याने बेडीचे हात माझ्यापुढे केले. मी बेडी काढली. तो गेला, गाय हाकलली, आईसमोर गुडघे टेकून गाठ सोडली आणि एकेक गोळा लांब कातळावर नेऊन ठेवला. "काय हाय रे त्यात?" म्हातारी विचारत राहिली. परत येऊन त्याने पुन्हा हात पुढे केले.

एवढा वेळ मी वीस पावलं मागे, जीपच्या आडोशाला होतो.

पंचनाम्यात मी लिहिलं, 'पोलिसांनी शिताफीने तीन स्फोटके ताब्यात घेतली.' त्याबद्दल मला प्रशस्तिपत्रकही मिळालं. खोटं लेबल लावायला माणूस लबाडच असावा लागत नाही, हे मला या प्रकरणाने शिकवलं. घाबरलेला असला तरी पुरतो.