हौदाकडची भिंत

आमच्या भागात नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं, कधी सहाव्या. त्यामुळे घरोघरी हौद आहेत. आमचा हौद मोरीला लागून आहे आणि त्याची पाठ बाहेरच्या खोलीच्या भिंतीला टेकली आहे. भिंत जुनी आहे. दोन्ही अंगांनी दगड आणि मधे माती. माझे मालक मिलमध्ये होते तेव्हा त्यांनी तिला वरून सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. भिंतीच्या पलीकडच्या अंगाला, बाहेरच्या खोलीत, सुनेची शिलाई मशीन. ती कारखान्यातून टॉवेल आणते, त्यांच्या कडा शिवते आणि परत नेऊन देते. गठ्ठे त्याच भिंतीला टेकवून ठेवलेले असायचे.

आषाढ संपत आला होता. त्या दिवशी पाणी दुपारी आलं. सून तयार माल घेऊन अक्कलकोट रोडला गेली होती आणि मुलगाही तिकडेच मागावर कामाला होता. मी हौदात पाईप सोडला आणि समोरच्या घरी जाऊन बसले. तिथे मी काय बोलत होते तेही सांगते. सुनेचंच सांगत होते. तिचं लक्ष नसतं, दूध उतू घालवते, गॅस बारीक करायला विसरते. तास-दीड तास हेच चाललं होतं. परत आले तर हौद काठोकाठ भरून वाहत होता. मोरीत म्हणावं तितकं पाणी दिसलं नाही. मला बरंच वाटलं. उरलेलं गेलं कुठे, हा विचार मी केला नाही. नळ बंद केला, फरशी पोतेऱ्यानं टिपून घेतली. सून आली तेव्हा फरशी कोरडी होती.

मी तिला काही बोलले नाही. त्यात बोलण्यासारखं काय आहे, असं पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. खरं कारण वेगळं होतं. उतू गेलेल्या दुधाचं रडगाणं गाऊन नुकतीच आले होते. त्या तोंडानं उतू गेलेल्या हौदाचं कसं सांगणार?

वीस-बावीस दिवसांनी बाहेरच्या खोलीत वास सुटला. ओल्या गोणपाटासारखा. मी उदबत्ती लावली. मग एक दिवस सुनेनं खालचा गठ्ठा ओढला आणि तशीच खाली बसली. टॉवेलांना काळे ठिपके पडले होते. तिनं उन्हात घातले, झटकले, घासले. बुरशी कुठली जाते? कारखान्याच्या मॅनेजरनं माल बघितला आणि दुसरा गठ्ठा दिला नाही.

संध्याकाळी मुलानं विचारलं, "हितं वल आली कुटनं?"

सून बोलायच्या आत मी म्हटलं, "हिला फरशी धुवायची लई हौस. बादल्याच्या बादल्या ओतती. मी सांगून सांगून थकले."

फरशी ती धुवायची हे खरं होतं. एकच बादली घ्यायची हेही खरं होतं. मुलगा तिला नको नको ते बोलला. हातचं काम घालवलंस म्हणाला, घर धुतेस का बुडवतेस म्हणाला. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पीठ मळायला घेतलं. पुढे आठवडाभर तो जेवताना रोज काहीतरी टोचून बोलायचा आणि मी ताटात बघून जेवायची. गल्लीत कुणी विचारलं तरी मी तेच सांगायची. एकदा बोललं की मागं घेता येत नाही, असं मला वाटायचं. घेता येतं. मी घेतलं नाही.

त्यावर आणखी एक शहाणपण केलं. भिंतीवर मिठासारखा पांढरा लोणा फुटला होता, तो मी ओल्या फडक्यानं पुसून काढला आणि मुलाला म्हटलं, ऑइल पेंट मारून घे, म्हणजे कटकट मिटेल. त्यानं मारला. चार दिवस भिंत आरशासारखी दिसली. दसऱ्यापर्यंत रंगाला तळहाताएवढे फुगे आले आणि ओल कमरेवरून छातीपर्यंत चढली.

दिवाळी झाल्यावर गवंडी बोलावला. तो मूळचा मैंदर्गीचा, घरात कानडी बोलणारा माणूस. मला अव्वा, म्हणजे आई, म्हणायचा. त्यानं आधी काही फोडलं नाही. हातोडीच्या दांड्यानं भिंत ठोकत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि कान लावून ऐकत राहिला. मग दुधाची रिकामी पिशवी कापून धुतली, पुसली आणि चिकटपट्टीनं चारी बाजूंनी भिंतीवर डकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन मला जवळ बोलावलं.

"बघा अव्वा, थेंब कुटं हायत? पिशवीच्या आत की भाईर?"

"आत."

"म्हंजे हवेतली वल न्हवं ही. भिंत घाम टाकतीया. दगडाच्या मधी माती हाय, तिनं पाणी पिलंय. वरनं सिमेंट, त्यावर तुमचा हा आइलपेंट. तिनं जायचं कुटनं? तिला रेनकोट घालून उनात बसवलीय तुमी."

मुलगा हसला. मीही हसले.

मग त्यानं छिन्नीनं छातीच्या वरपर्यंतचा गिलावा उतरवला. आतली माती चिखलासारखी काळी होती. तो वाकून बघत होता आणि मुलगा त्याच्या मागे उभा होता. सून दारात.

"फरशी धुतल्याचं पाणी हाय व्हय?" मुलानं विचारलं.

"कोण म्हनलं? फरशीचं असतं तर खालची वीत-दीड वीत भिजली असती. हितं हात लावा. हौदाच्या अंगाला वरपतोर गच्च हाय, आन तिकडं जाईल तशी वल खाली उतरतीया. हौदाच्या काठाला फट पडलीया. हौद भरून वाह्यला की पाणी सरळ भिंतीत."

"हौद कधी वाह्यला?" मुलानं कुणाला असं नाही, सगळ्यांनाच विचारलं.

मी म्हटलं, "पाईप फुटला असंल."

"पाईप ह्या अंगाला न्हाईच की, अव्वा," गवंडी म्हणाला.

मी चहा टाकायला आत गेले. सून दारातच उभी होती. तिनं मला वाट दिली, पण माझ्याकडे बघितलं नाही. सकाळपासून चहा दोनदा झाला होता. तरी मी तिसऱ्यांदा केला.

गवंड्यानं हौद रिकामा करायला लावला. पाणी पिंपात भरा म्हणाला, फट मी बुजवतो, पण हौद भिंतीसंगच वाळू द्या. दगडांच्या सांध्यातली भिजलेली माती बोटभर खोल खरवडून काढली. टेबल फॅन भिंतीच्या सरळ अंगावर नाही, तर तिच्या कडेनं वारा सरकेल असा तिरका ठेवायला सांगितला. दार, खिडकी उघडी. मी म्हटलं, शेगडी पेटवून ठेवू का, लवकर वाळेल.

"न्हाय. वरचं वाळंल, आतलं तसंच ऱ्हाईल. तुमाला लई घाई हाय, अव्वा. भिंतीला न्हाय."

लोणा फुटेल तो कोरड्या ब्रशनं झाडायचा, पाण्याचं फडकं लावायचं नाही. गिलावा आत्ताच करायचा नाही, आणि करायचा तेव्हा चुन्याचा. आत वाळलं का बघायला त्यानं सांध्यात तीन ठिकाणी वीतभर खोल भोकं पाडली. त्यात कोरड्या वर्तमानपत्राचा बोळा खुपसायचा, तोंडावर प्लास्टिक दाबून बसवायचं, दुसऱ्या दिवशी बोळा काढून गालाला लावून बघायचा. हाताला कळत नाही ती ओल गालाला कळते. ते काम मी माझ्याकडे घेतलं. तेवढं तरी करावं म्हणून.

दारासमोरच उघड्या दगडांची भिंत. येणारा प्रत्येक माणूस विचारायचा, काय झालं? मुलगा म्हणायचा, हौद झिरपला. आता फरशीचं नाव कुणी काढत नव्हतं, पण चूक सुनेची नव्हती असंही कुणी म्हणत नव्हतं.

सून कारखान्यात जाऊन मॅनेजरला भेटून आली. भिंत वाळल्याशिवाय माल नाही, आमचा माणूस बघून जाईल, म्हणाला. तोवर पॅकिंगला ये म्हणाला. पॅकिंग म्हणजे दिवसभर उभ्यानं घड्या घालायच्या. पहिल्या बाळंतपणापासून तिची कंबर धरते, हे मला ठाऊक आहे, कारण तेव्हा शेक मीच द्यायची. ती रोज पॅकिंगला जायला लागली. संध्याकाळी आली की उंबऱ्यावर बसूनच चपला काढायची. वाकायची नाही, पायानंच एकेक ढकलायची.

ते मी तीन-चार आठवडे बघितलं आणि एका संध्याकाळी जेवताना म्हटलं, "हौद मी सोडला हुता. आषाढात. समोर जाऊन बसले आणि इसरले. फरशीचं खोटं सांगितलं मी."

मुलाचा घास हातात राहिला. मग म्हणाला, "जाऊ दे, आई. वय झालं तुझं. हुतं असं."

"मला म्हाईत हुतं," सून म्हणाली. ती भाकरी उलटत होती. "मी आले तवा तुमच्या लुगड्याचा काठ घोट्यापतोर वला हुता."

"मग बोललीस का न्हाईस?"

"कुणाला बोलू? ह्यांना? तुमी एक बोलला असता, मी एक बोलले असते. ह्यांनी कुणाचं खरं मानलं असतं, सांगा की."

मुलगा ताटात बघत होता. मी त्याला म्हटलं, "हिला आठवडाभर बोललास, ते आता मला बोल."

"आई, गप जेव."

मला त्यानं एक वाक्यही ऐकवलं नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं. जे तिला न करता मिळालं, ते मला करूनही मिळालं नाही, आणि हे तिच्या समोर झालं. तिनं माझ्या ताटात गरम भाकरी वाढली. नेहमी वाढते तशीच.

मी तिला म्हटलं, उद्या तुझ्याबरोबर कारखान्यात येते, मॅनेजरला सांगते.

"नको, आत्या. त्यांना वाळलेली भिंत पायजे. तुमचं काय करू मी तितं नेऊन?"

मग भिंत वाळायची वाट बघणं, एवढंच उरलं. मी दर सोमवारी बोळे घालायची, मंगळवारी काढायची. थंडी कोरडी होती, वारा चांगला होता. वरचा बोळा कोरडा निघायला लागला, मग मधला. हौदाजवळचा निघेना. एका मंगळवारी मी तो गालाला लावला. गार लागला, पण थोडासाच. तिची कंबर डोळ्यांसमोर होती, आणि हे एकदाचं संपावं असंही वाटत होतं. दोन्हीतलं जास्त काय होतं ते मला माहीत आहे. मी म्हटलं, "वाळला गं."

तिनं माझ्या हातातून बोळा घेतला आणि स्वतःच्या गालाला लावला.

"वला हाय."

एवढंच म्हणाली. दुसरा कागद घेतला, बोळा केला, भोकात खुपसला आणि प्लास्टिक दाबलं. त्या दिवसापासून बोळे तीच बघायला लागली. मी मागितले नाहीत.

संक्रांत झाल्यावर तिन्ही बोळे सलग तीन आठवडे कोरडे निघाले. गवंड्यानं पुन्हा ठोकून बघितलं आणि चुन्याचा गिलावा केला. तो वाळल्यावर कारखान्याचा माणूस आला. मोटारसायकलवरून उतरला, चप्पल बाहेर काढली आणि भिंतीवर सगळीकडे तळहात ठेवून बघितलं. वाकून खालीही बघितलं.

"आता बरी हाय की. पाणी शिरलं कसं हुतं?"

"फरशी धुताना माज्याकडनंच," सून म्हणाली. लगेच म्हणाली. अडखळली नाही.

"ती न्हाय," मी म्हटलं. "हौद मी सोडला हुता. हिनं काय केलं न्हाय."

तो माणूस माझ्याकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. "म्हंजे? हौद अजून हितंच हाय? आन पाणी कोण भरतं, आजी, तुमीच?"

आता तो हौद बघायला आत गेला. बुजवलेली फट नखानं टोकरून बघितली. परत बाहेर आला, डोकं खाजवलं. आमच्याकडे दुसऱ्या बायका बी काम मागायला येत्यात, म्हणाला. सूनच पुढं झाली. माल भिंतीपासून लांब, खाटेवर ठेवते, म्हणाली. हौद आता मी भरते, म्हणाली. अर्धा माल देऊन बघा, डाग पडला तर परत मागणार न्हाय. तिनं त्याला दोनदा साहेब म्हटलं. तो तिच्या धाकट्या भावाच्या वयाचा होता.

"सोमवारी ये," तो म्हणाला. "अर्धाच."

तो गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "मधी कशाला बोललासा, आत्या? काम मिळत हुतं की. पुरं मिळालं असतं."

"खोटं कशाला आणिक तुझ्या नावावर, म्हणून—"

"माज्या नावावर हाईच की ते. सा महिने झाले. आज पुसून कुणाला दावायचं हुतं?"

मी तिच्यासाठी बोलले असं मला वाटलं होतं. बोलून झाल्यावर छातीतलं ओझं उतरलं होतं, आणि ते उतरल्याचं मला तिच्या आधी कळलं होतं.

सोमवारी ती रिक्षानं अर्धा गठ्ठा घेऊन आली. मी दारापर्यंत गेले आणि एक बाजू धरायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, आणि कमरेवर एक हात ठेवून एकटीनं तो आत ओढून नेला.