कारणाचा रकाना

काखेत हजेरीपट धरून बाई गल्लीत शिरल्या की बुऱ्हाणपुरातले भलेभले बाप मागच्या दारानं सटकायचे. आम्ही मुली त्यांना हजेरीबाई म्हणायचो. मुलगी तीन दिवस शाळेत दिसली नाही की चौथ्या दिवशी बाई तिच्या घरी हजर. रागावणं नाही, उपदेश नाही. पट उघडून मुलीच्या वडिलांपुढे धरायचा आणि म्हणायचं, "कारण लिहा भाऊ. कोरा रकाना मला चालत नाही."

मी नववीत असताना तो पट आमच्या घरी आला. खकनारचं स्थळ मला बघायला आलं होतं. पाहुण्यांपुढे मावा जिलेबी ठेवलेली, आणि आतल्या खोलीत आईची साडी नेसून मी घामाघूम. शाळेत न गेल्याचा चौथा दिवस. बाई आल्या तर बाबा त्यांचा अपमान करतील ही भीती, आणि नाही आल्या तर सगळं संपलं, ही त्याहून मोठी.

त्या आल्या. बाबा दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, आज नको. मेहमान बसलेत."

"एक शब्द लिहायचा फक्त. जे असेल ते."

बाबा कापडाच्या दुकानात दिवसभर लिहायचे, पण 'लग्न' काही त्यांच्या हातून उतरेना. पोरगी चौदा वर्षांची, आणि खाली सही त्यांची. शेवटी त्यांनी खरडलं, 'आजारी'.

बाईंनी ते मोठ्यानं वाचलं. "आजारी? काय होतंय हो पोरीला?"

"पोरगी बीमार राहते, हे तर आम्हाला कोणी बोललं नाही," मुलाची आत्या म्हणाली. जिलेबी तशीच टाकून मंडळी उठली. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले.

मी घाबरत घाबरत बाईंच्या मागे ओट्यावर गेले. चप्पल समोरच होती, पण त्यांचे पाय इतके कापत होते की ती घालता येईना.

"बाई, तुम्हालापण डर लागतो?"

"लागतो ना गं. घरी बसलं की जास्त लागतो. म्हणून चप्पल घालायची न् निघायचं. उद्या ये शाळेत. बरी झालीस तू."

स्वतःच्या हातानं लिहिलेलं बाबांना खोडता आलं नाही, आणि आजारी म्हटलेल्या पोरीला नवं स्थळही येईना. मी शाळेत गेले, पुढे कॉलेजातही गेले.

बाई गेल्या वर्षी वारल्या. आमच्या मराठी शाळेच्या जागी आता इंग्रजी शाळा आहे, तिथंच मी शिकवते. हजेरी मोबाइलवर लागते, गैरहजरीचा मेसेज आपोआप घरी जातो. कारणाला जागाच नाही. नववीतली एक मुलगी चार दिवस आलेली नाही. तिची मैत्रीण कानात सांगून गेली, "मॅडम, उसकी सगाई है." मुख्याध्यापक म्हणाले, हा आपला विषय नाही.

तेव्हापासून घरी बसवेना. काल एक वही आणली, पट्टीनं रकाने आखले आणि शेवटच्यावर लिहिलं, 'कारण'.

आज मी तिच्या दारात उभी आहे. कडी वाजवली. आतून पुरुषाचा करडा आवाज आला, "कोण आहे?" मागं फिरावंसं वाटलं, अगदी खरं सांगते. पण चप्पल घालून निघाले होते.

"हजेरी घ्यायला आलेय, भाऊ."