फाटकाशी उभ्या राहणाऱ्या कुंदाताई

गौरवग्रंथ समितीविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे, ती आधी नोंदवतो. निमंत्रणपत्रात ‘षष्ट्यब्दीपूर्ती’ऐवजी ‘षष्ठ्यब्दीपूर्ती’ छापले आहे. षष्टि म्हणजे साठ, षष्ठ म्हणजे सहावा. एका ‘ठ’पायी समितीने आदरणीय कुंदाताईंची चोपन्न वर्षे गिळंकृत केली. मी हे ताईंना फोनवर कळवले, तर मला चिडवत आपल्या कोंकणीत म्हणाल्या, “सहावें वर्स? मग निवृत्त कित्याक करतात मरे, शास्त्रीबुवा? पयलींत नांव घाला म्हजें!”

अशा व्यक्तीचा गौरव गंभीरपणे करणे अवघड आहे. तरी प्रयत्न करतो.

मी गोव्यातल्या पेडणे-डिचोली भागाचा वार्ताहर आणि ताई इब्रामपूरच्या बाजूच्या एका सरकारी प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका. आमची ओळख एखाद्या बातमीमुळे व्हायची, ती झाली माझ्या मुलीमुळे. मैत्रेयीला ऑटिझम आहे. मराठीत त्याला ‘स्वमग्नता’ म्हणतात. शब्द एखाद्या ऋषीला शोभेल असा आहे, पण ऋषींना पहिलीत प्रवेश घ्यावा लागत नसे. शहरातल्या एका मोठ्या शाळेने तिला महिनाभर ठेवून घेतले आणि मग “ती इथे रमत नाही” असे गोड शब्दांत सांगितले. ती रोज फाटकाशी रडे, हात चावे. विशेष शाळा म्हापशाला होती, म्हणजे बसने तासाभराची वाट, आणि बसच्या हॉर्नने मैत्रेयी कान दाबून सीटखाली शिरायची. पत्नी मालती आणि मी कुंदाताईंकडे गेलो, तेव्हा आमच्याकडे दुसरे दार उरले नव्हते.

ताईंनी लगेच होकार दिला नाही. “शाळा दाखवायला म्हणून बोलावतात त्या दिवशी शाळा बघू नये,” त्या म्हणाल्या. “मधल्या सुट्टीत या. पोरं आरडतात, नळावर ढकलाढकल करतात, तेव्हा तिला घेऊन उभे राहा. तिला सोसलं तर आठ दिवस बघू. नाही जमलं तर मीच सांगेन, ही शाळा तिची नव्हे.”

हे ताई नुसते बोलत नाहीत. पट घटल्यामुळे त्यांच्या शाळेवर टाळे लागायची भीती होती, एकेक मूल मोलाचे होते. त्याच वर्षी बांधकामावर आलेले बेळगावकडचे एक कुटुंब आपल्या न बोलणाऱ्या मुलाला घेऊन आले. तो डोळा चुकवून रस्त्याकडे धावे आणि शाळेला धड कुंपण नव्हते. ताईंनी त्याचे नाव पटावर घेतले नाही. रजा काढून स्वतः त्याच्या आईबरोबर म्हापशाला गेल्या आणि तिथे प्रवेश मिळवून दिला.

मैत्रेयीने मधली सुट्टी सोसली, पण पुढचे आठ दिवस वाईट चालले होते. रोज सकाळी तेच रडणे, तेच चावणे. चौथ्या दिवशी ताई वर्ग सोडून फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. पाचव्या दिवशी त्यांनी मालतीला विचारले, “तुम्ही निघताना तिला काय सांगता?”

“येते म्हणून सांगते. दुसरं काय सांगणार?”

“मग येत का नाही?”

ताईच पुढे म्हणाल्या, “तुम्ही हात सोडता तेव्हा ती रडत नाही, मी पाहिलंय. तुम्ही ‘येते’ म्हणता आणि पाठ फिरवून चालू लागता, तेव्हा रडते. ती शब्द धरून बसते गे. तुम्ही रोज तिला फसवता, असं तिला वाटतं.”

“म्हणून काय ‘जाते’ म्हणू? सकाळच्या पारी, पोरीच्या तोंडावर? शिव शिव!”

मी मधेच सांगू लागलो, की गम् धातूला ‘आ’ हा उपसर्ग लागला की जाण्याचे येणे होते. ताई म्हणाल्या, “शास्त्रीबुवा, उपसर्ग घरी ठेवा. उद्या ‘जाते’ म्हणायचं.”

दुसऱ्या सकाळी फाटकाचा गज धरलेली मालतीची बोटे पांढरी पडली होती. तोंड उघडेना. मैत्रेयीचा हात तोंडाकडे चालला होता. ताई वाट बघत राहिल्या. अखेर मालती म्हणाली, “जाते. घंटा झाली की येते.” मैत्रेयीने तिच्याकडे पाहिले, “जाते,” म्हणाली आणि आत गेली. मालती मात्र गेलीच नाही. तो शब्द उच्चारून घरी जायची तिची हिंमत होईना. घंटा होईपर्यंत ती समोरच्या काजूखाली बसून राहिली आणि ताईंनी तिथेच चहा पाठवला.

आज मैत्रेयी चौथीत आहे. वाचते, बेरजा करते आणि ताईंच्या मराठीतले कोंकणी शब्द मोठ्याने मोजते. ताईंना ते आवडते असे त्या म्हणतात. मला खात्री नाही.

ताईंना उदंड आयुष्य लाभो, गुडघे कुरकुरू नयेत आणि नातवंडांनी त्यांना मुळीच स्वस्थ बसू देऊ नये, ही प्रार्थना. पण खरे सांगायचे तर या प्रार्थनेत माझा स्वार्थ आहे: ताईंना अजून एका फाटकाशी उभे राहावे लागणार आहे. शाळा चौथीपर्यंतच आहे आणि ताई याच वर्षी निवृत्त होत आहेत. मैत्रेयीची पाचवीची शाळा अजून ठरलेली नाही. कुठेतरी प्रवेश मिळेल, धडेही शिकवले जातील. पण तिथे ती रडली, तर का रडली हे कुणी शोधणार नाही, तिला हट्टी म्हणतील, आणि कधीतरी तिला स्वतःलाच ते खरे वाटू लागेल. ताई, मला त्याची भीती वाटते.