शेवटचे दोन सिलिंडर

माझी शेवटची पोस्टिंग संभाजीनगरच्या छावणीत होती, वर्कशॉपमध्ये सुभेदार म्हणून. सकाळी सहाला पीटी, आठला फॉल-इनची रांग, मग दिवसभर इंजिनं. बिघडलेले रणगाडे ओढून आणणारी एक रिकव्हरी गाडी आमच्याकडं होती. बारा सिलिंडरचं डिझेल इंजिन. तिचं काम नायक साळवेकडं. पिशोरचा माणूस, कमी बोलणारा.

त्या गाडीनं तीन आठवड्यांत दोनदा दम सोडला. लोड आला की काळा धूर. मी रजिस्टर उघडलं. दोन्ही वेळा व्हॉल्व्ह टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ, बरोबर, खाली साळवेची सही. हा न मोजताच सही करतो, असं मला वाटलं. तिसऱ्यांदा तो तपासायला बसला तेव्हा मी खांबाआड उभा राहून पाहिलं. त्यानं एकूण एक व्हॉल्व्ह तपासला. तरी संशय गेला नाही. मी पाहतोय हे कळलं असेल म्हणून तपासतोय, असं मी धरलं.

"साहेब, बंद इंजिनात सगळं बरोबर येतंय," तो म्हणाला. "लोडवर मागचे दोन सिलिंडर मागं पडतेत. कॅमशाफ्टला पीळ पडतोय."

कॅमशाफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह ठरल्या क्षणी उघडणारा लांब पोलादी दांडा.

"पोलादाला पीळ पडतो व्हय?"

"आत्ता बसवलेला नवा शाफ्ट नरम वाटतोय. एक दिवस द्या. चालू इंजिनवर मोजून दावतो."

चूक झाकायला दिवस मागतोय, असं माझ्या मनात आलं. मी नाही म्हणालो. इंजिनवर दुसरा मेकॅनिक लावला, साळवेला चढावरच्या ट्रायलसाठी गाडीबाहेर उभं राहणाऱ्या ग्राउंड पार्टीत टाकलं. गाडी फिट असल्याची सही मी केली.

दुसऱ्या दिवशी दहा चाळीसला गाडी चढाला लागली. मागं बंद रणगाडा जोडलेला. अर्ध्या चढावर आवाज बदलला. मी रेडिओ उचलला.

"ड्रायव्हर, रिपोर्ट. ओव्हर."

"पॉवर जातेय, साहेब. ओव्हर."

मी हुकूम देण्याआधीच आत घण बसल्यासारखा ठोका आला आणि इंजिन बंद पडलं. ब्रेकनं ते वजन धरलं नाही. दोन्ही गाड्या मागं घसरल्या. रणगाड्यामागं दोन जवान ओंडके लावायला उभे होते. साळवे बाजूला, सुरक्षित जागी होता. तो धावला. दोघांना ढकललं. त्याला स्वतःला बाहेर पडता आलं नाही.

चौकशीत इंजिन उघडलं. मागच्या टोकाला शाफ्टला पीळ पडून तो तसाच राहिला होता. व्हॉल्व्ह वेळेत मिटला नाही, पिस्टन त्यावर आदळला. शेवटचे दोन सिलिंडर. साळवेनं आधी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, हे मी जबाबात लिहून दिलं. माझं प्रमोशन गेलं. शिक्षा कमीच होती.

नायक मिलिंद साळवे. दरवर्षी त्या तारखेला मी पिशोरला जातो. रजा मिळाली तर ते दोन जवानही येतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याच्या आईला म्हणालो, "आई, तुमच्या मुलाचं बरोबर होतं. माझं चुकलं."

त्यांनी विचारलं, "हे त्याला कळलं का, साहेब?"

"नाय, आई."