एका बोटाचं थिएटर

जगातल्या सगळ्या यंत्रांना वठणीवर आणायचं ठरलं, तर ते काम आमच्या चेन्नईच्या घरमालकांवर सोपवून इतरांनी निर्धास्त झोपावं. मी श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात नोकरीला होतो आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर राहत होतो. ते संरक्षण खात्याच्या कारखान्यातून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेले. घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं, त्यामुळे मराठी जुन्या वळणाची, हेल तमिळ आणि वाक्याच्या शेवटी लाडाचा तमिळ 'पा'. मी त्यांना मामा म्हणायचो. त्यांच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर, ॲम्प्लिफायर, डिस्क प्लेअर, सेट-टॉप बॉक्स, एसी आणि सिनेमांनी भरलेला कॉम्प्युटर होता, आणि प्रत्येकाचा वेगळा रिमोट. मामांना हा अपमान वाटे. "सहा नोकर, सहा भाषा! एक भाषा शिकवतो बघ पा," म्हणाले आणि इतर रिमोटचे सिग्नल शिकून घेणारा एक रिमोट घेऊन आले.

मग महिनाभर शिकवणी चालली. मामा दोन रिमोट समोरासमोर धरून एकेक बटण घोकून घेत. अधूनमधून विद्यार्थी घोटाळा करी; आवाज वाढवला की एसी बंद पडे. पाण्याचा कॅन घेऊन येणाऱ्यालाही प्रात्यक्षिक पाहिल्याशिवाय सुटका नसे. कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी सिनेमांची वर्गवारी केली होती, तीही स्वतःची : 'ही रडते', 'ही झोपते', 'पाहुणे लवकर जावेत म्हणून'. यातली 'ही' म्हणजे मामी. काचबिंदूने त्यांची नजर गेली होती, उजेड तेवढा कळे. मामा शेजारी बसून पडद्यावरचं सगळं सांगत. नायिकेची साडी आवडली नाही तर रंग परस्पर बदलूनही टाकत.

अशात मामांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. मुलगी बंगळूरहून येणार होती, त्यामुळे घराची काळजी नव्हती. पण मामी रोज संध्याकाळी गाणी ऐकत; ती त्यांना स्वतःच्या हाताने लावता यावीत, हे मामांच्या डोक्यातून जाईना. मी म्हणालो, "मामा, मी लावून देईन ना."

"तुझी कंपनीची बस कधी येते, ठाऊक आहे मज," ते म्हणाले. "आणि तिने कोणास मागावं का?"

त्यांनी त्या रिमोटचं एक बटण सोडून बाकी सगळ्यांवर रबराची पट्टी चिकटवली. त्या बटणाने ॲम्प्लिफायर सुरू व्हावा, कॉम्प्युटर जागा व्हावा आणि मामींच्या आवडीची गाणी आपोआप लागावीत, अशी सगळी साखळी बांधली. मग स्वतःच्या डोळ्यांवर टॉवेल बांधून सोफ्यापासून रिमोटपर्यंत जायची तालीम केली. दोनदा टीपॉयला धडकले. तिसऱ्यांदा वीणा वाजली, तेव्हा मामींनी टाळी दिली.

ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी खाली गेलो, तेव्हा मामी हॉस्पिटलमधून मुलीने लावलेला फोन मांडीवर ठेवून बसल्या होत्या. त्यांनी रिमोट चाचपला, बटण दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग गाणं सुरू झालं. मामींनी फोन स्पीकरच्या दिशेने धरला.  पलीकडून मामांचा खोल गेलेला आवाज आला, "डावा स्पीकर कमी वाजतोय."

मामी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या आणि हसता हसता रडल्या. "बरे आहेत," त्या मला म्हणाल्या. "आता बरे आहेत." चार दिवसांत डॉक्टरांनी दहादा सांगितलेलं त्यांना आत्ता पटलं होतं.

मी उठून डाव्या स्पीकरच्या मागची वायर बघायला गेलो. मामींना माझी पावलं कळली.

"राहू दे रे," त्या म्हणाल्या. "ते येऊन करतील."

मी परत येऊन त्यांच्या शेजारी बसलो. गाणं संपेपर्यंत त्यांनी फोन तसाच धरून ठेवला होता.