शेडचा उंबरा

चिंचवडच्या आमच्या घराला लागून मोटारीची शेड होती. तिचं लोखंडी शटर वर ढकलायला दोन धडधाकट हात लागत. मोटार माझ्या थोरल्या बहिणीची. ती डॉक्टरीण, दिघीपासून तळेगावपर्यंत बाळंतपणांना तीच जाई. त्या वर्षी तिचा उजवा खांदा निखळला. तो बसवला, ती मोटार चालवू लागली, पण हात काही खांद्याच्या वर जाईना. मी कामावर असलो की ती आणि माझी बायको शटराशी झटत, नाहीतर शेजाऱ्यांना हाका मारत. एकदा दिघीला पोचायला तिला पस्तीस मिनिटं उशीर झाला. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. तरी घरी आल्यावर ती म्हणाली, "पुण्याच्या इस्पितळात जागा निघालीय. महिनाअखेर कळवायचंय. तिथं मला शटर उचलावं लागणार नाही."

त्याच आठवड्यात कारखान्यातला एक परदेशी इंजिनिअर मायदेशी परत निघाला. त्याने स्वतःच्या बंगल्यासाठी मागवलेला एक भला मोठा खोका तसाच पडून होता, तो मला देऊन टाकला. आत विजेवर आपोआप उघडणारं दार! चार आडव्या फळ्या बिजागऱ्यांनी जोडलेल्या, दोन बाजूंचे रूळ, छताला टांगायची मोटर आणि खांबांवर बसवायच्या दोन किल्ल्या, एक आत, एक बाहेर. मोटारीतून न उतरता किल्ली फिरवायची, की दार रुळांवरून वर सरकून छताखाली आडवं होणार. माझं वय तेव्हा पंचेचाळीस, पण खोक्याचे खिळे मी लहान पोराच्या घाईने उपसले.

सोबतच्या कागदावर जागेची मापं होती. रुंदी आठ फूट, उंची सात फूट. दाराच्या वर चौदा इंच मोकळी जागा. जमीन एका पातळीत, फरक पाव इंचाहून जास्त नको. मी शेड मोजली. उंची बरोबर सात फूट भरली, पण वरची मोकळी जागा नऊच इंच. पाच इंचांसाठी मी छताचे पत्रे उतरवले, भिंती दोन थरांनी वाढवल्या आणि मोटर टांगायला सागवानी तुळई आडवी टाकली. मोटर निम्म्या दाबाच्या विजेची निघाली. कारखान्यातल्या वायरमनने तिच्यासाठी एक ट्रान्सफॉर्मर जोडून दिला. रोज कामावरून आलो की कपडेही न बदलता मी टेप आणि पाणसळ घेऊन शेडमध्ये शिरायचो.

"अरे, चहा तरी घे," बहीण म्हणायची. "माझ्या खांद्याची इतकी मापं डॉक्टरांनीही घेतली नव्हती."

जुनं शटर काढून जमीन सपाट करायचं काम गावातल्या एका म्हाताऱ्या गवंड्याकडे होतं. त्याच्या नातीचा जन्म माझ्या बहिणीच्याच हातचा. त्यामुळे तो हौसेने आला होता. त्याला मी सगळी मापं कागदावर लिहून दिली, वर वाचूनही दाखवली. महिना संपायला दोन दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी दार चढवायचं म्हणून मी धावतपळत घरी आलो, आणि पाहतो तर दाराच्या जागी घडीव दगडाचा चार इंच उंच उंबरा! वर हळदकुंकू, फुलं, फोडलेला नारळ.

मी टेप लावला. सहा फूट आठ इंच. दार सात फुटांचं.

"हे काय केलंत, बाबा?"

"उंबरा बसिवला. तुमी लिवायचं इसरला हुता."

"विसरलो नव्हतो. नकोच होता!"

"उंबरा न्हाई तर दार कसलं राव? भगदाड हाय ते. लक्षुमी आत कुठून यायची ते तिला कळाया नको?"

"लक्ष्मी येईल हो, पण मोटार कशी येईल?"

"दगूड न्हाई काढायचा. पूजा झालीया," म्हणून तो उंबऱ्यालगतच बसला.

बहीण बाहेर आली. तिने उंबरा पाहिला, माझा चेहरा पाहिला आणि शांतपणे म्हणाली, "जाऊ दे. मी उद्या पुण्याला कळवते." चूक माझीच होती. जमिनीची पातळी मी पाव इंचापर्यंत पाहिली, पण दार म्हटलं की गवंड्याच्या मनात काय येतं, हे त्याला विचारलंच नव्हतं. म्हणून आता विचारलं.

"बाबा, तुमची बैलगाडी घराच्या आवारात येते ना? त्या दाराला उंबरा केवढा?"

"त्याला व्हय? त्यो भुईसपाट. चाक अडलं न्हाई पायजे ना—" बोलता बोलता तो थांबला. मग खो खो हसत सुटला. "आरं तिच्या! मोटार म्हंजी गाडीच की! डॉक्टरीणबाई, मला आदी गाडीचं दार म्हणून सांगायचं. ह्यो कागूद वाचीत बसला!"

त्याने दगडाला हात जोडले, माझ्या हातात पहार दिली आणि आम्ही दोघांनी खाली मुरूम खणला. दगड जसाच्या तसा चार इंच खाली बसवला. मी पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये. पुन्हा टेप लावला. सात फूट!

दुसऱ्या दिवशी कारखान्यातले दोन फिटर आले. दुपारपर्यंत रूळ, फळ्या, मोटर सगळं चढलं. बहिणीने मोटारीत बसूनच उजवा हात बाहेर काढला आणि आतल्या खांबावरची किल्ली फिरवली. आधी नुसती घरघर. मग दार हललं, फळीमागून फळी वर वाकत गेली आणि आत ऊन पसरलं. गवंडीबाबांनी चक्क शिट्टी मारली. बायकोने टाळ्या वाजवल्या. बहिणीने दार पुन्हा खाली घेतलं, पुन्हा वर. असं सात वेळा. मी मोजत होतो.

आठव्या वेळी दार वर गेलं तेव्हा समोर दिघीचा एक माणूस सायकल धरून धापा टाकत उभा. त्याच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. बहिणीने लगेच मोटार सुरू केली. चाकं उंबऱ्यावरून गेली, पण मोटार जराही उसळली नाही.

"पुण्याला काय कळवायचं?" मी मागून ओरडलो.

बाहेरच्या खांबाशी ती क्षणभर थांबली. किल्ली फिरवली, दार खाली येऊ लागलं.

"नाही म्हणून कळव!" ती म्हणाली. "आणि बाजूला हो आधी, पाय सापडेल!"