दोरीतली दोन बोटं

नव्या शिवणकारखान्याचा जिना चढताना ती तीनदा थांबली. पहिल्यांदा धाप लागली म्हणून, दुसऱ्यांदा उगाच, आणि तिसऱ्यांदा परत फिरावं की काय या विचाराने. वरून शिलाई मशिनींची घरघर ऐकू येत होती. अजून हजेरीसुद्धा लागली नव्हती आणि बाईसाहेबांचं पाऊल मागे वळायला लागलं होतं.

तिला घरीदारी सगळे भिंगरी म्हणत. पायाला भिंगरी लागलेली पोर म्हणून आईने लहानपणी ठेवलेलं नाव चव्वेचाळिसाव्या वर्षीही चिकटून होतं, आणि ते खोटं म्हणायची तिने सोय ठेवली नव्हती. एकोणीस वर्षांत अकरा नोकऱ्या! कपडा बेतण्यात तिचा हात धरणारं कुणी मिळालं नसतं. पण कुणी जरा आवाज चढवला, किंवा स्वतःच्या हातून बारीकशी चूक झाली, की पिशवी खांद्यावर टाकून ही चालू लागे. कारण विचारलं तर म्हणे, "तिथली हवा मानवेना." अकरा ठिकाणची हवा एकाच बाईला मानवत नाही, तेव्हा दोष हवेचा नसावा, एवढं तिच्या नवऱ्याला कळत होतं.

"ही बारावी," तो सकाळी म्हणाला होता. तो बस चालवतो, आणि बोलतोही प्रत्येक थांब्यावर थांबत. "तेरावीला शहरात दुकान उरलेलं नाही. मी रोज सगळ्या रस्त्यांनी जातो ना, मोजलंय."

"मग मी काय पळायलाच निघालेय का?"

"मी कुठे तसं म्हटलं? डबा विसरू नकोस."

थट्टा असली तरी गोष्ट खरी होती. तयार कपड्यांनी शिंप्यांची दुकानं एकेक करून बसवली होती. हे काम गेलं तर कात्री कायमची खाली ठेवायची आणि घरी बसून लोकांच्या पँटी आखूड करून द्यायच्या. त्या धास्तीने सकाळी तिला घास गिळवला नव्हता.

त्यातून ती चारच दिवसांपूर्वी वडिलांच्या मूळ गावाहून परतली होती, आणि अजून पुरती परतलीच नव्हती. वडील विसाव्या वर्षी समुद्र ओलांडून इकडे आले, इथे जन्मभर शिंपीकाम केलं, पण मागच्या घराबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या कपाटात तळाशी एक पाकीट सापडलं. वर धाकट्या भावाचा पत्ता वळणदार अक्षरात लिहिलेला. आत पत्र नव्हतं. भिंगरीने त्या पत्त्यावर स्वतःच पत्र टाकलं, उत्तर आलं, आणि जन्मात प्रथमच ती काकांना भेटायला गेली.

काकांचं दुकान म्हणजे रस्त्याकडे तोंड करून असलेली एक खोली. तिथे टेप नव्हती. भिंतीवर शेदीडशे खिळे आणि प्रत्येक खिळ्यावर एकेका गिऱ्हाइकाची दोरी. छाती, पाठ, बाही, सगळ्या मापांच्या गाठी त्या एका दोरीत. माप घेताना काका दोरीच्या आत आपली दोन बोटं सरकवत, म्हणजे शिलाईला लागणारं कापड मापातच धरलेलं असे. मग दोरी कापडावर ठेवायची आणि गाठीला गाठ धरून सरळ कात्री चालवायची. हिशेब नाही, बेरीज नाही. तीन आठवडे भिंगरी त्यांच्या शेजारी बसून हे करत होती, आणि नवल म्हणजे एका जागी बसली होती. घरी फोनवर तिने नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा त्याने विचारलं होतं, "तब्येत बरी आहे ना?"

निघायच्या आदल्या दुपारी काकांनी कोपऱ्यातल्या खिळ्यावरची एक काळपट दोरी काढून तिच्या खांद्यांवरून धरली. पाठीच्या गाठी बरोबर जुळल्या.

"तुझ्या बापाची," काका म्हणाले. "खांदे त्याचेच आहेत तुझे. डोकं त्याचं नसलं म्हणजे मिळवली."

"ते घर सोडून का गेले, काका?"

"एका कोटापायी." काकांनी दोरी बोटांना गुंडाळली. "डॉक्टरांचा कोट होता. माप घेताना बोटं घालायची विसरला. कोट सगळीकडून आवळ. आमचे वडील गिऱ्हाइकांदेखत एकच शब्द बोलले, 'नासवलास.' त्याने कात्री ठेवली आणि गेला. मी दुसऱ्या दिवशी काखेखाली पट्ट्या घातल्या. तासाभराचं काम, पोरी. डॉक्टरांनी तो कोट नऊ वर्षं वापरला."

"मग तुम्ही बोलावलं का नाही त्यांना?"

"वाटलं, राग उतरला की येईल. मग वर्ष गेलं. मग पुढे आपल्यालाच तोंड दाखवायची लाज वाटायला लागते."

हे ऐकल्यापासून भिंगरीला चैन नव्हतं. तासाभराच्या कामासाठी एक माणूस जन्मभर परका होऊन राहिला, आणि पाकिटावर पत्ता लिहून थांबला! तिला वडिलांचा राग येत होता, आणि राग यायला ते आता समोर नव्हते.

कारखान्यातले मास्तर म्हणजे आवाजी माणूस. कानामागे पेन्सिल आणि गळ्यात टेप, असेच ते जन्माला आले असावेत. "पंधरा दिवस बघू," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "काम जमलं तर राहा." आणि त्यांनी तिच्या हातात चौदा वादकांच्या मापांचा कागद ठेवला. शहरातल्या एका वाद्यवृंदाला काळे कोट हवे होते, आणि सगळे व्हायोलिनवाले.

कागदावरचे आकडे पाहून भिंगरी बेचैन झाली. आकड्यांत तिला माणूस दिसेना. काकांकडे दोरी हातात घेतली की खांदा दिसायचा. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तिने शेजारी काजं करणाऱ्या बाईकडून सुतळीचा गुंडा मागून घेतला आणि कागदावरून चौदा दोऱ्या गाठी मारून केल्या.

"हे काय, कपडे वाळत घालायचेत?" काजंवाली म्हणाली.

"आमच्या घरची रीत आहे," भिंगरी म्हणाली, आणि म्हणताना तिला बरं वाटलं. आमच्या घरची रीत! हे वाक्य तिने आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं होतं. त्या भरात तिची कात्री अशी सरसर चालली की बुधवारी संध्याकाळपर्यंत चौदाच्या चौदा कोट बेतून झाले, आणि मास्तरांनीसुद्धा मान डोलावली.

गुरुवारी पहिला कोट कच्चा टाचून झाला आणि एक व्हायोलिनवाला अंगावर घालून बघायला आला. चांगला उंच, हसरा माणूस. त्याने कोट चढवला, व्हायोलिन धरल्यासारखा हात उचलला, आणि पाठीवरचा टाका तटकन तुटला. दुसरा हात त्याने उचललाच नाही. तो तसाच अवघडून उभा राहिला.

भिंगरीच्या लगेच लक्षात आलं. कागदावरचं माप अंगाबरोबर होतं. दोऱ्या तिने त्या मापाच्या केल्या आणि बेतताना काकांसारखी सरळ गाठीवर कात्री चालवली. शिलाईला कापड सोडलंच नव्हतं. एकोणीस वर्षं जी चूक तिने झोपेतही केली नसती, ती तिने घरची रीत म्हणून मोठ्या ऐटीत केली होती. वडील जी दोन बोटं विसरले तीच दोन बोटं!

"किती बेतलेत?" मास्तरांनी विचारलं.

"सगळे."

"चौदा?" मास्तरांचा आवाज सगळ्या मशिनींवरून गेला. मशिनी थांबल्या. "वाटोळं केलंत, बाई! पार वाटोळं!"

तिचे कान तापले. कुणीच हसलं नाही, ते तर जास्तच लागलं. सवयीने तिचा हात खुंटीवरच्या पिशवीकडे गेला. पिशवी खांद्यावर आली आणि ती जिना उतरायला लागली. तेराव्या नोकरीसाठी दुकान नाही हे तिला माहीत होतं, तरी पाय थांबेनात. घरी नवऱ्याला काय सांगायचं तेही ठरलं होतं, हवा मानवली नाही.

सोमवारी, पहिल्या दिवशी चढताना तिसऱ्यांदा जिथे थांबली होती, त्याच वळणावर ती थांबली. वरच्या मशिनी अजून बंद होत्या. वडीलही असेच गेले असतील, कान तापलेले, मागे सगळं गप्प. आणि मागे कुणीतरी पट्ट्या घालत बसलं. परत वर जायच्या नुसत्या कल्पनेने तिला सपाटून लाज वाटत होती. ती कठडा धरून उभी राहिली. खाली रस्त्यावरून एक बस गेली, मग दुसरी गेली. मग ती वर गेली.

"मास्तर, उरलेलं कापड कुठे आहे?"

मास्तरांनी वळून पाहिलं. "तुम्ही पळून गेलात ना?"

"गेले होते. आले परत. काखेपासून खालपर्यंत पट्टी घालते. एका कोटाला एक तास."

"आणि कुणी ओळखलं तर?"

"काळ्यात काळी पट्टी कोण बघणार? तुम्ही ओरडला नाहीत तर कुणाला कळायचंही नाही."

काजंवालीने खाली मान घालून हसू दाबलं. मास्तरांनी पेन्सिल कानामागून काढली, परत ठेवली, आणि स्वतः चिंध्यांचं पोतं ओढून तिच्या टेबलाशी आणलं.

पहिली पट्टी लागल्यावर व्हायोलिनवाल्याने हात उचलला, तो डोक्याच्याही वर गेला. "माझ्या जुन्या कोटातसुद्धा एवढा जात नाही," तो म्हणाला.

"हे मुद्दाम केलं होतं असं कुठे सांगू नका," मास्तर तिला म्हणाले. "आणि पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस. अजून काही ठरलेलं नाही."

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तिने कारखान्याच्या गॅलरीतून काकांना फोन लावला.

"कुठून बोलतेस?"

"कामावरून. काका, चौदा कोट आवळ बेतले मी. बोटं धरायची राहिली."

 काकांनी हळूच विचारलं, "आता कुठे निघालीस?"

"कुठेच नाही. सात झाले, सात उरलेत. मास्तर ओरडताहेत, डबा पण खाऊन व्हायचाय."

 पलीकडून काकांनी नाक ओढल्याचा आवाज आला.

"मग ठेव फोन," ते म्हणाले. "काम बघ आपलं."

आणि स्वतः मात्र ते फोन ठेवेनात.